डिकीवरची दोन अक्षरे

शेंद्रा हे नाव मराठवाड्याला आधी ठाऊक होते ते मांगीरबाबाच्या जत्रेमुळे. चिकलठाण्याचे विमानतळ मागे टाकून जालना रोडने पुढे निघाले की लागणाऱ्या या गावाशेजारच्या औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडा या झेक कंपनीने मोटारींची जुळणी सुरू केली आणि गावाला दुसरी ओळख मिळाली. परदेशातून खोक्यांत भरून आलेले सुटे भाग इथे जोडले जात आणि दुसऱ्या टोकाने ऑक्टाव्हिया बाहेर पडे. रुंद, जड दारांची, कुटुंबाला पुरणारी, सीटवर बसले की डॉक्टर किंवा कारखानदार झाल्यासारखे वाटायला लावणारी गाडी. औरंगाबादने ती लगेच आपली मानली. आपल्या गावची गाडी म्हटल्यावर तिचे सुटे भाग महाग पडतात ही तक्रारसुद्धा घरच्या माणसाबद्दल करावी तशी प्रेमाने होऊ लागली.

२००४ मध्ये याच ऑक्टाव्हियाचा एक वेगळा अवतार आला. १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १५० अश्वशक्ती आणि डिकीच्या कोपऱ्यात एक छोटे बोधचिन्ह. हिरव्या पंखासारखी एक खूण आणि तिला लागून ‘आरएस’. ती हिरवी खूण इंग्रजी ‘व्ही’सारखी दिसे, म्हणून लोक तिला ‘व्हीआरएस’ म्हणू लागले. तीन-चार वर्षांपूर्वीच सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्तीची लाट येऊन गेली होती आणि मध्यमवर्गीय घरांत व्हीआरएस या शब्दाचा अर्थ एकच होता. त्यामुळे गाडीनेच व्हीआरएस घेतली की काय, हा विनोद टाळणे अवघडच होते.

ती अक्षरे निवृत्तीची नव्हती. ‘रॅली स्पोर्ट’ या शब्दांची ती आद्याक्षरे. ती मुळात ऑक्टाव्हियासारख्या चार दारांच्या भारदस्त गाडीसाठी जन्मलीच नव्हती. त्यांचा जन्म झाला तो दोन दारांच्या, मागे इंजिन असलेल्या, काटा ७२० किलोंवर थांबावा अशा एका कूपेच्या अंगावर. शेंद्र्याच्या गेटमधून त्या जातीची एकही गाडी कधी बाहेर पडली नाही. नाव मात्र पडत राहिले.

कूपे म्हणजे कापलेली. शब्द घोडागाडीच्या काळातला, फ्रेंच. चार जणांच्या बग्गीचा पुढचा भाग छाटून दोघांपुरती गाडी केली की ती कूपे. मोटारी आल्या तेव्हा दोन दारे आणि मागे उतरत जाणारे छप्पर एवढी तिची ओळख उरली. आपल्याकडे ही जात कधी रुजली नाही, आणि कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड ही दोन दारांची ब्रिटिश गाडी होती. साठीच्या दशकाच्या अखेरीस खास भारतासाठी तिला चार दारे बसवावी लागली. आजीला मागच्या सीटवर बसवण्यासाठी पुढची सीट दुमडायची, पदर सांभाळत तिने आत शिरायचे, हा सोहळा प्रत्येक लग्नाला कोण करणार?

झेक लोकांचे तसे नव्हते. म्लादा बोलेस्लाव या गावात १८९५ साली व्हाक्लाव लॉरिन आणि व्हाक्लाव क्लेमेंट या दोघांनी सायकलींचे दुकान काढले. १८९९ मध्ये मोटारसायकली, १९०५ मध्ये पहिली मोटार. आधी दुचाकी मग चारचाकी हा क्रम औरंगाबादकरांना ओळखीचा वाटेल. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला आणि शहराचे उद्योगपर्व खऱ्या अर्थाने सुरू झाले, तेही दोन चाकांवरच. लॉरिन आणि क्लेमेंटची कंपनी १९२५ मध्ये पिल्झेनच्या स्कोडा उद्योगसमूहात गेली.

१९३६ च्या मॉन्टे कार्लो रॅलीत स्कोडाची ‘पॉप्युलर’ नावाची छोटी उघडी गाडी १५०० सीसीखालील वर्गात दुसरी आली. रॅली मोठी मजेची असे. स्पर्धक युरोपच्या वेगवेगळ्या टोकांहून निघत आणि ऐन जानेवारीच्या बर्फातून भूमध्य समुद्राकाठच्या त्या चिमुकल्या संस्थानात पोहोचत. कंपनीने दुसऱ्या क्रमांकाचाही उत्सव केला. ‘पॉप्युलर मॉन्टे कार्लो’ नावाच्या सत्तरेक गाड्या बनवल्या, त्यांत कूपेही होत्या. २०२२ मध्ये कुशाक आणि २०२४ मध्ये स्लाव्हिया या चाकणला बनणाऱ्या गाड्यांच्या काळ्या-लाल ‘मॉन्टे कार्लो’ आवृत्त्या निघाल्या, त्या नावाचे मूळ हे. त्याच १९३६ मध्ये स्कोडाच्या ‘रॅपिड’मधून दोघांनी ९७ दिवसांत जगप्रदक्षिणा केली आणि ती वाट हिंदुस्थानातूनही गेली. पुढे पाऊणशे वर्षांनी रॅपिड नावाची गाडी महाराष्ट्रातच बनणार होती, हे त्या दोघा प्रवाशांना कुणी सांगितले असते तर ते हसले असते.

खरी हलकी गाडी आली १९५७ मध्ये. तिचे नाव ११०० ओएचसी. एखाद्या औषधाच्या बाटलीवर शोभेल असे नाव, पण गाडी देखणी. जेमतेम ११०० सीसीचे इंजिन, त्यातून ९२ अश्वशक्ती, आणि वजन ५५० किलो. उघड्या गाडीचे अंग फायबरग्लासचे. १९५९ मध्ये तिची बंद छपराची कूपेही निघाली, तिला ॲल्युमिनियमचे अंग. वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात. पण देश पोलादी पडद्याच्या आत होता. ही गाडी मुख्यतः पूर्व गटातल्या शर्यतींत धावली आणि पश्चिमेशी तिची फारशी गाठ पडली नाही. अशा गाड्या बनल्या मोजून हाताच्या बोटांवर. कूपे तर पुढे खासगी हातांत जाऊन अपघातांत मोडल्या. अलीकडे कंपनीच्या संग्रहालयाने जुन्या आराखड्यांवरून आणि उरलेल्या भागांतून एक पुन्हा उभी केली.

सामान्य माणसाच्या हाती लागेल अशी कूपे यायला १९७० उजाडले. ११० आर. चार दारांच्या साध्या स्कोडाचेच हाडपेर, पण दोन दारे आणि मागे उतरते छप्पर. इंजिन ११०७ सीसीचे आणि तेही डिकीच्या जागी, मागे. १९८० पर्यंत अशा पन्नास हजारांहून अधिक गाड्या बनल्या. मागे इंजिन असणे म्हणजे काय हे समजायला मराठवाड्यातल्या माणसाला इंजिनिअरिंगची पदवी लागत नाही. बैलगाडीत पोती मागच्या बाजूला जास्त पडली की गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि बैलांची पकड सुटते. ११० आरचे तेच. पुढचा भाग हलका, मागचा जड. वळणात चालकाने घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागचा भाग बाहेर फेकला जाई आणि गाडी आली तिकडेच तोंड करून उभी राही. पण ज्याला ही खोड कळली त्याच्या हातात ती शस्त्र झाली. बर्फावर, चिखलावर मागच्या चाकांवर इंजिनचे ओझे असल्याने पकड उत्तम मिळे आणि वळणात शेपूट मुद्दाम सोडून गाडी वळवता येई.

१९७४ मध्ये कारखान्याच्या स्पर्धा विभागाने १८० आरएस आणि २०० आरएस असे दोन नमुने बनवले. आरएस ही अक्षरे उमटली ती इथे पहिल्यांदा. मोठ्या इंजिनाच्या त्या गाड्या नमुन्यांच्या पुढे गेल्या नाहीत. मग त्यांनी जे हाताशी होते त्याचेच सोने करायचे ठरवले. ११० आर घेतली आणि तिचा एकेक ग्रॅम सोलायला सुरुवात केली. कुठे ॲल्युमिनियमचा पत्रा, कुठे फायबरग्लास, आतले अस्तर-गाद्या बाहेर. इंजिन १२८९ सीसीचे, शर्यतीसाठी तयार केल्यावर सुमारे १४० अश्वशक्ती देणारे. ७२० किलोंची १३० आरएस १९७५ मध्ये तयार झाली. १९८० पर्यंत अशा दोनशेच्या आसपास गाड्या बनल्या असतील, बस.

१३०० सीसीचाच हट्ट का? त्यामागे दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे नियोजनबद्ध अर्थव्यवस्थेत मोठे इंजिन नव्याने विकसित करायला पैसा आणि परवानगी दोन्ही मिळत नसे. दुसरी, शर्यतींच्या नियमांत इंजिनच्या आकारानुसार वर्ग पाडलेले असत आणि १३०० पर्यंतचा वर्ग स्वतंत्र होता. मल्लाला वरच्या वजनगटात लढवून चीतपट होऊ देण्यापेक्षा आपल्या गटात किताब मिळवावा, हा कोल्हापूरच्या कुठल्याही वस्तादाने दिला असता तो सल्ला झेक इंजिनिअरांनी स्वतःच घेतला.

जानेवारी १९७७. मॉन्टे कार्लो रॅली. एकूण विजेता ठरला सँड्रो मुनारी, लान्सिया स्ट्रॅटोसमध्ये. तीही हलकी कूपेच, पण तिच्या पोटात फेरारीचे सहा सिलिंडरांचे इंजिन. खाली, बाराव्या क्रमांकावर, व्हाक्लाव ब्लाहना आणि लुबिस्लाव ह्लावका यांची १३० आरएस होती आणि १३०० सीसीपर्यंतच्या वर्गात ती पहिली आली होती. त्याच वर्गात दुसरीही १३० आरएसच. पाश्चात्त्य चालकांना पूर्वेकडची ही धाकुटी गाडी म्हणजे विनोदाचा विषय होता. त्या रॅलीनंतर विनोद कमी झाले असावेत.

१९८१ मध्ये तर कमालच झाली. युरोपीय टूरिंग कार स्पर्धेत चालकांचे विजेतेपद बीएमडब्ल्यूच्या जोडीने मिळवले, पण उत्पादकांचे विजेतेपद गेले स्कोडाकडे. हे कसे घडले त्याचे उत्तर पुन्हा नियमांत आहे. प्रत्येक वर्गातल्या विजेत्याला सारखेच गुण मिळत. मोठ्या इंजिनांच्या वर्गात नामवंत कंपन्या एकमेकींचे गुण खात राहिल्या आणि छोट्या वर्गात १३० आरएस शर्यतीमागून शर्यत निमूट गुण वेचत राहिली. हिशेबाने जिंकलेले अजिंक्यपद म्हणून त्याला कुणी कमी लेखेल. पण हिशेब पुरा व्हायला गाडी प्रत्येक वेळी शेवटपर्यंत टिकावी लागते, आणि हलक्या गाडीचे टायर, ब्रेक, गिअर सगळेच कमी झिजते.

त्यानंतर ११० आरचा वारसा चालवायला गार्ड आणि मग १९८४ मध्ये रॅपिड ही नवी कूपे आली. मागे इंजिन, किंमत कमी. तिला ‘गरिबाची पोर्श’ म्हणत. १९९० मध्ये तिचे उत्पादन थांबले आणि पुढच्याच वर्षी स्कोडा फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. मागे इंजिन असलेल्या हलक्या कूपेचा वंश तिथे संपला. १९९६ मध्ये नव्या ऑक्टाव्हियाने कंपनी सावरली, १९९९ मध्ये तिची रॅली आवृत्ती जागतिक स्पर्धेत उतरली, आणि २००० मध्ये रस्त्यावरच्या ऑक्टाव्हियावर आरएस ही अक्षरे पुन्हा चिकटवली गेली. चार वर्षांनी ती शेंद्र्याला पोहोचली.

आता प्रश्न असा की हा इतिहास औरंगाबादेत कुणाला माहीत होता? शोरूममध्ये मायलेज, मागच्या सीटची जागा आणि बँकेचा हप्ता यांची चर्चा होई. वजन हा शब्द गाडीच्या बाबतीत स्तुतीचा होता. दार लावल्यावर ‘धप्प’ असा जड आवाज आला पाहिजे. पत्र्यासारखा खडखडला तर गाडी डबडा. जड म्हणजे मजबूत, जड म्हणजे सुरक्षित, जड म्हणजे पैसा वसूल. या शहरात हलकेपणाची महती ज्यांना कळली होती त्यांच्याकडे बहुधा गाडी नव्हती. वाहन चालवण्याचा परवानाही नव्हता. ते सायबर कॅफेत बसलेले होते.

औरंगपुरा, उस्मानपुरा, सिडकोच्या गल्ल्यांत त्या काळात जी सायबर कॅफे होती तिथे ईमेलसाठी येणारे थोडे आणि खेळासाठी येणारे जास्त. ‘रोड रॅश’ हा सगळ्यांचा. त्यात मोटारसायकलवरून जाताना शेजारच्याला लाथ मारता येई. ‘नीड फॉर स्पीड’ ज्यांना आवडे ते थोडे गंभीर. त्या मालिकेच्या १९९७ च्या दुसऱ्या भागात नेपाळचाही रस्ता होता. चार बाण-कळांवर बोटे ठेवून पोरे मॅक्लारेन, फेरारी आणि लोटस पळवत. मोठ्या इंजिनची गाडी सरळ रस्त्यावर पुढे जाई आणि वळणावर भिंतीवर आदळे. मग हळूहळू लक्षात येई की गाडी निवडताना नुसता वेगाचा आकडा बघून भागत नाही.

ही जाण सर्वांत पद्धतशीर करून दिली ती जपानच्या काझुनोरी यामाऊची यांच्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ने. डिसेंबर १९९७ मध्ये प्लेस्टेशनवर आलेल्या या खेळात सुमारे १४० गाड्या होत्या आणि प्रत्येकीचे वजन किलोंमध्ये पडद्यावर लिहिलेले असे. एवढेच नव्हे, खेळात मिळालेल्या पैशांतून गॅरेजमध्ये जाऊन ‘वजन कमी करणे’ विकत घेता येई. टर्बो घ्यावा, टायर घ्यावे, की वजन काढून टाकावे? पैसे देऊन गाडीतून काहीतरी काढून घ्यायचे ही कल्पना दुकानदारीच्या कुठल्याही मराठी हिशेबात बसत नाही. पण ज्याने एकदा करून पाहिले त्याला ब्रेक उशिरा मारूनही गाडी थांबते, वळणात टायर किंचाळत नाहीत आणि इंजिन तेच असून जोर वाढल्यासारखा वाटतो हे बोटांना कळे. पुस्तकात एफ इज इक्वल टू एमए पाठ करणाऱ्या मुलांना त्यातला ‘एम’ इथे भेटला.

याच खेळात टोयोटाची १९८३ ची स्प्रिंटर ट्रुएनो होती. जाणकारांच्या भाषेत ‘एई८६’. १६०० सीसीचे इंजिन, मागच्या चाकांना जोर, आणि वजन साडेनऊशे किलोंच्या आसपास. १९९५ पासून निघालेल्या ‘इनिशियल डी’ या जपानी चित्रकथेत टोफू पोहोचवणारा एक पोरगा हीच गाडी घाटात पळवून दुप्पट ताकदीच्या गाड्यांना हरवतो. घाट उतरताना ताकदीपेक्षा वजनाला महत्त्व, हे त्या कथेचे मर्म. औट्रम घाटात मालमोटारींच्या रांगेमागे अडकलेल्या कुणालाही ते पटेल. २००० सालच्या ‘नीड फॉर स्पीड’च्या पोर्श भागाने तर १९५० च्या पोर्श ३५६ पासून खेळणाऱ्याला सुरुवात करायला लावली. मागे इंजिन, हलके अंग, आणि पाय उचलला की शेपूट बाहेर. म्लादा बोलेस्लावचे चालक बर्फावर जे शिकले ते औरंगपुऱ्यातले पोर तासाच्या भाड्यावर शिकत होते. २००४ मध्ये, म्हणजे शेंद्र्याची आरएस आली त्याच वर्षी, ‘रिचर्ड बर्न्स रॅली’ हा खेळ बाजारात आला. विक्रीत तो फारसा चालला नाही, पण त्यातले गाडीचे वागणे इतके खरे होते की चाहत्यांनी आजवर तो जिवंत ठेवला आहे. त्यांत झेक मंडळी आघाडीवर, आणि चाहत्यांनी बनवून त्यात घातलेल्या गाड्यांत जुन्या स्कोडाही आहेत.

खेळातून खऱ्या ट्रॅकवर जाण्याची वाटही निघाली. निसान आणि सोनी यांनी २००८ मध्ये ‘जीटी अकॅडमी’ सुरू केली, २०१४ मध्ये ती भारतात आली. पडद्यावर वेगवान ठरलेल्याला खरोखरच्या शर्यतीच्या गाडीत बसवायचे, अशी ती योजना.

दरम्यान शहराने मात्र जगाला आपली दुसरी ओळख दिली होती. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या व्यावसायिकांनी, डॉक्टरांनी, बांधकाम व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशेच्या घरात मर्सिडीज गाड्या एकदम खरेदी केल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. देशभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी गाजली. आमचे शहर मागास नाही हे सांगण्याचा तो एक प्रकार होता आणि त्याबद्दल टीकाही भरपूर झाली. त्यातल्या एका मोठ्या सलूनच्या वजनात १३० आरएसच्या दोन गाड्या सहज बसल्या असत्या. पण हा हिशेब त्या दिवशी कुणी मांडला असेल असे वाटत नाही.

मग आले २०१७. त्या एका वर्षात महाराष्ट्रात हलक्या कूपेच्या कथेचे सगळे धागे विचित्र रीतीने एकमेकांत गुंतले.

मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात पुण्याच्या टाटा मोटर्सने ‘टॅमो’ या नव्या नावाखाली ‘रेसमो’ दाखवली. दोन आसनी, दोन दारांची, मध्ये इंजिन असलेली छोटी कूपे. इंजिन १.२ लिटरचे तीन सिलिंडरांचे, पण टर्बो लावून १९० अश्वशक्ती काढलेली. शून्यापासून शंभरचा वेग सहा सेकंदांच्या आत गाठेल असा कंपनीचा दावा. इंडिका आणि एसची कंपनी अशी गाडी करते यावर जिनिव्हातल्या लोकांचाही विश्वास बसेना. आणि त्याच मंचावर मायक्रोसॉफ्टच्या साथीने जाहीर झाले की रेसमो ‘फोर्झा होरायझन ३’ या खेळात अवतरणार. रस्त्यावर येण्याआधी पडद्यावर, असा क्रम. कंपनीने गिऱ्हाईक अचूक ओळखले होते. ज्यांना १९० अश्वशक्तीपेक्षा गाडीचे छोटेपण जास्त महत्त्वाचे वाटते ते लोक शोरूममध्ये नाहीत, हातात कंट्रोलर घेऊन बसले आहेत.

पण त्यांच्याकडे गाडी घ्यायला पैसे नाहीत, ही त्या ओळखीची दुसरी बाजू. टाटांना त्या वेळी तोट्यातला प्रवासी वाहनांचा धंदा सावरायचा होता आणि थोड्याशा संख्येने विकल्या जाणाऱ्या कूपेवर खर्च करणे परवडणारे नव्हते. प्रकल्प लवकरच गुंडाळला गेला. महाराष्ट्रातल्या मोठ्या कंपनीने मनापासून बनवलेली हलकी कूपे रस्त्यावर कधी आलीच नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्कोडाने ऑक्टाव्हिया आरएस २३० आणली. २३० अश्वशक्ती, भारतासाठी ५०० गाड्या, किंमत २४ लाख ६२ हजार. पाचशेच्या पाचशे झपाट्याने संपल्या. हे गिऱ्हाईक कोण होते? त्यांत तिशी-पस्तिशीतले पुष्कळ असणार, म्हणजे हिशेब केला तर १९९७ ते २००५ या काळात सायबर कॅफेत बसलेली पिढी. त्यांना आता नोकऱ्या होत्या, पगार होते, आणि मागच्या सीटवर आई-वडील व मुलेही होती. दोन दारांची गाडी त्यांना अजूनही घेता येत नव्हती. चार दारे, भली मोठी डिकी आणि त्या डिकीवर दोन अक्षरे, हा समझोता होता.

खेळातल्या पद्धतीने या गाड्यांचा ताळा मांडून बघण्यासारखा आहे. एका अश्वशक्तीला किती किलो ओढावे लागतात? १९५७ च्या ११०० ओएचसीला साधारण सहा. १३० आरएसला शर्यतीच्या तयारीत पाच किंवा किंचित जास्त. शेंद्र्याच्या २००४ च्या पहिल्या आरएसला नऊच्या आसपास. २०१७ च्या २३० अश्वशक्तीच्या आरएसला सहा-सव्वासहा, म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या ११०० सीसीच्या गाडीच्या बरोबरीला ती तेव्हा कुठे आली. अर्थात एक शर्यतीची सोललेली गाडी आणि दुसरी एअरबॅग, एसी, संगीत आणि पाच माणसांची सोय असलेली. तुलना न्याय्य नाही हे कबूल. तरी ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतात आलेल्या २६५ अश्वशक्तीच्या नव्या आरएसलाही साडेपाचच्या खाली उतरता आलेले नाही. तिच्या फक्त १०० गाड्या आल्या, ४९ लाख ९९ हजारांना, आणि आरक्षण सुरू होताच संपल्या. त्या पूर्ण बनूनच परदेशातून आल्या. शेंद्र्याचा हात त्यांना लागला नाही. तिथे आता मुख्यतः कोडियाकसारख्या उंच, भारदस्त गाड्या आणि ऑडी जोडल्या जातात.

म्लादा बोलेस्लाववाल्यांना मात्र आपली मूळ जात विसरता आलेली नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये प्रागला ‘ग्रॅन टुरिस्मो’ची जागतिक फेरी झाली तेव्हा स्कोडाने त्या खेळासाठी आखलेली एक गाडी जाहीर केली. एकाच माणसाची, विजेवर चालणारी, आणि रेषा थेट १९५७ च्या ११०० ओएचसीवरून घेतलेल्या. पुण्याची रेसमो खेळाच्या दाराशी येऊन थांबली होती, ही झेक गाडी खेळातच राहणार असे ठरवूनच जन्माला आली.

प्रागमधल्या त्या कार्यक्रमाच्या तीन-साडेतीन आठवडे आधी मुंबईत आणखी एक कागद सह्यांसाठी पुढे आला होता. छत्रपती संभाजीनगरजवळ, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादजवळ, बिडकीनला, पैठण रोडवर, सुमारे २० हजार कोटी रुपयांचा मोटार कारखाना उभारण्याचा सामंजस्य करार. कंपनी टोयोटा, म्हणजे एई८६ बनवणारीच. शहरात बातमी आली तेव्हा जमिनींचे भाव, नोकऱ्या आणि जायकवाडीचे पाणी यांवर बोलणे सुरू झाले. घाट उतरणाऱ्या साडेनऊशे किलोंच्या जुन्या कूपेचा विषय निघाला असेल तर तो गेम खेळणाऱ्यांतच. तिथे ज्या गाड्यांची योजना आहे त्या हायब्रिड आणि विजेच्या. मोठ्या विजेच्या गाडीची एकटी बॅटरीच चारशे-पाचशे किलोंची भरते. ११०० ओएचसी आख्खी ५५० किलोंची होती.